शाळेच्या व्हॅनवाल्याचं चलान

नागपूरच्या वाहतूक कार्यालयात चलानाच्या रांगेत माझ्यापुढे शाळेची व्हॅन चालवणारे एक काका होते. कॅमेऱ्यानं त्यांना भरधाव गाडीचं चलान लावलं होतं.

"भरून मोकळे व्हा ना काका," मी म्हणालो.

"काहून भरू गा? भरलं तं कबूल केल्यासारखं होते. मी लोकाईचे लेकरं नेतो."

खिडकीशी त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "साहेब, फोटो मोठा करून पाहा."

साहेबांनी पाहिलं. फोटोतल्या नंबराचा शेवटचा आकडा आठ होता, काकांच्या गाडीचा तीन. कॅमेऱ्यानंच चुकीचं वाचलं होतं.

चलान रद्द झालं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. काका ताठ मानेनं वळले.

"चालतो आता. शाळा सुटाले अर्धा तास हाय, हळूहळू जातो."

मी माझ्या चलानाचा फोटो पहिल्यांदाच उघडला.