मागून मारलेली हाक

तमिळ किनाऱ्यावरल्या कोडिक्करैच्या चिखलाला एक वास येतो, मिठाचा, शेवाळाचा आणि उन्हात तापलेल्या शिंपल्यांचा. त्या वासाची मला आजही भीती वाटते. थंडीतल्या एका दिवशी तंजावूरहून पहाटेच निघून मी आणि माझे वडील, अप्पा, तिथल्या समुद्रात आईच्या अस्थी सोडायला गेलो होतो. विसर्जन झाले. रिवाजाप्रमाणे समुद्राकडे पाठ फिरवून, मागे न पाहता आम्ही चालू लागलो, अप्पा पुढे, मी मागे.

वाट अभयारण्याच्या दलदलीकडे जात होती. दूर उथळ पाण्यात हजारो रोहित पक्षी, आमच्या घरच्या तंजावुरी मराठीत पूनारै, कोवळ्या उन्हात फिकट गुलाबी होऊन उभे होते. ते पाहायची आईची फार इच्छा होती, आणि दरवर्षी काही ना काही आडवे येई. अप्पांनी काठावर चपला काढल्या आणि ते सरळ पक्ष्यांच्या दिशेने निघाले. ती जमीन वरून कोरडी, आतून लोण्यासारखी मऊ. पुढे पाऊल टाकू नका, चिखल माणूस गिळतो, असे वनरक्षकाने येतानाच बजावले होते, आणि ते अप्पांनीही ऐकले होते. आधी घोटे बुडाले, मग पोटऱ्या. ते थांबले नाहीत.

मी हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, त्यातून अस्थी सोडून निघालेल्याला तर नाहीच, हे आईनेच माझ्या हाडीमाशी भिनवले होते. शिकलीसवरलेली, पन्नाशीची बाई मी, आणि बापाच्या चपला हातात घेऊन अशुभाला घाबरत उभी राहिले. चिखल गुडघ्यांपर्यंत चढला. आता मला चिखलापेक्षा अप्पांच्या त्या ताठ, न अडखळणाऱ्या पाठीचीच भीती वाटू लागली. पक्षी पाहायला निघालेला माणूस असा चालत नाही.

“अप्पा!”

सगळा थवा एकदम उठला आणि पंखांखालचा लाल रंग आभाळभर पसरला. अप्पांनी वर पाहिले नाही. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, मग रिवाज मोडून मागे वळले आणि एकेक पाय उपसत काठाला आले.

बाटलीतल्या पाण्याने मी त्यांचे पाय धुतले. 

“तूं बोलाविलीस म्हणून फिरलों गे,” ते म्हणाले.

मी चपला त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. किती वेळ मी गप्प उभी होते, हे त्यांना मी अजून सांगितलेले नाही.