खुर्चीच्या जागी

आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचं झाकण फुटलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. हैदराबादेत नारायणगुड्याहून हिमायतनगरकडे निघणाऱ्या त्या अरुंद गल्लीत रोज काही ना काही फुटतच असे. सिमेंटचं जुनं झाकण पाण्याच्या टँकरखाली आलं, तुकडे आत गेले, आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध दीड हाताचं भोक तोंड वासून राहिलं. पहिल्या दिवशी कुणीतरी त्यात कडुलिंबाची फांदी खोचली. ती शेजारच्यांच्या बकरीनं खाल्ली. मग चार विटा ठेवल्या, त्या कुणीतरी आपल्या बांधकामाला नेल्या. तिसऱ्या दिवशी एका ऑटोचं पुढचं चाक आत गेलं आणि ऑटोवाल्यानं आमच्या अख्ख्या गल्लीच्या सात पिढ्या काढल्या, तेव्हा बाबा व्हरांड्यातून म्हणाले, "माझी खुर्ची ठेवा तिथं."

ही खुर्ची म्हणजे साधीसुधी नव्हे. सागवानी, रुंद हातांची, सरकारी. छप्पन साली निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा बाबा कचेरीत नवे कारकून होते. मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात जाता की इथंच राहता, असं विचारलं गेलं. आमचं सगळं गणगोत, शेतीवाडी तिकडे. बाबा राहिले इथं. का, तर म्हणे तिकडच्या कचेरीत कारकुनाला स्टूल मिळणार होतं आणि इथं हातांची खुर्ची होती! आई शेवटपर्यंत हे ऐकवायची. रिटायर झाले त्या वर्षी कचेरीनं जुनं फर्निचर काढलं, तर हे गृहस्थ तीच खुर्ची रिक्षात घालून घरी घेऊन आले.

तर ती खुर्ची भोकावर गेली. चारही पाय भोकाच्या बाहेर नेमके बसले. मी तिच्या पाठीला आईच्या लाल लुगड्याचा तुकडा बांधला. बाबा खूष. "आता ही ड्यूटीवर," म्हणाले.

त्याच वर्षात बाबांचे डोळे गेले. काचबिंदू. मला सांगायचे, जरा अंधुक दिसतं. अंधुक कसलं, कर्म माझं! समोरचा चहाचा कप चाचपून शोधायचे. पण सकाळी सात वाजता काठी घेऊन एकटे निघायचे ते निघायचेच. फाटकातून गल्लीनं सरळ चालायचं, खुर्चीला काठी लागली की "हं, आहे" म्हणायचं, डावीकडच्या बोळात वळायचं, आणि कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून मराठी पेपर आणायचा. पेपर एक दिवस शिळा असे, आणि वाचून मीच दाखवत असे. मी म्हटलं, मी आणते ना. म्हणाले, "तू पेपर आणलास तर मी उठू कशाला?"

 मी मराठी शाळेत तीस वर्षं पोरांना दटावलेली बाई, पण बाबांपुढे माझं काही चालत नसे. शेवटी तह झाला. खुर्ची जागेवर आहे तोवर त्यांनी एकट्यानं जायचं. खुर्ची हलली की बाहेर पडणं बंद. त्यांनी मान्य केलं. मला रात्रंदिवस एकच घोर, खुर्ची कुणी हलवू नये.

झाकणासाठी आमच्या गल्लीच्या कमिटीनं महापालिकेकडे तक्रार केली. महिन्यानं मोबाइलवर उत्तर आलं. जागेची पाहणी केली, तिथे खुर्ची आढळली, उघडं ड्रेनेज आढळलं नाही, सबब तक्रार निकाली. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्यांदा तक्रार केली, तर पाहणीच्या वेळी खुर्ची बाजूला ठेवावी असं पत्र आलं, आणि पाहणीची वेळ काय, तर अकरा ते पाचच्या दरम्यान केव्हाही. म्हणजे सहा तास भोक उघडं टाकून आम्ही वाट पाहायची? कमिटीचे सेक्रेटरी आणि मी कचेरीत गेलो. तेव्हा राज्याची पुन्हा वाटणी झालेली. एका राज्याची दोन झाली होती आणि ही सगळी माणसं, कोण इकडे कोण तिकडे, या यादीची वाट बघत बसलेली. इंजिनियर बिचारा सज्जन होता. चहा पाजला आणि म्हणाला, "मॅडम, मेरा खुद का अलॉटमेंट नै हुआ. आपके ढक्कन का क्या बोलूँ?"

मी घरी येऊन बाबांना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. "त्याला विचार," म्हणाले, "खुर्चीला हात आहेत का. असतील तर हलू नको म्हणावं."

मग कमिटीनं ठरवलं, कचेरी नको, थेट नगरसेवकांनाच बोलवू. सेफ्टी आणि सुधारणा या विषयावर मीटिंग. त्यातही भानगड अशी, की गल्लीची एक बाजू एका वॉर्डात, दुसरी दुसऱ्या वॉर्डात, आणि भोक मधोमध. म्हणून दोन्ही नगरसेवक बोलवावे लागले, एक साहेब आणि एक मॅडम. रविवारी सकाळी गल्लीतच, भोकाला लागून, मांडव उभा राहिला. आभार मानायचं काम माझ्याकडे. हैदराबादेत कुठेही चार मराठी माणसं जमली की आभाराला मला उभं करतात, शाळेच्या बाईचा आवाज माइकविना पोचतो म्हणून.

टेंटहाउसवाल्यानं पाहुण्यांसाठी लाल मखमलीची, सोनेरी पाठीची, लग्नात नवरदेवाला देतात तसली खुर्ची पाठवली. एकच! मॅडम आधी आल्या आणि तीत बसल्या. पाठोपाठ साहेब आले. आता साहेबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर कसं बसवायचं? सेक्रेटरींना घाम फुटला. इकडे तिकडे बघत ते माझ्याकडे धावत आले. "टीचर, बाबांची खुर्ची. दस मिनट. भाषण झालं की परत ठेवतो, कसम से."

मी हो म्हटलं. मीच म्हटलं. नवी कांजीवरम नेसले होते, हातात आभाराचा कागद होता, दोन दोन नगरसेवक मला 'टीचरम्मा' म्हणून नमस्कार करत होते. हुरळले. रविवारी पेपर उशिरा, दहाला येतो, आणि बाबा दहाला निघतात, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

साहेब बाबांच्या खुर्चीत बसले. लाल लुगड्याचा तुकडा त्यांना सत्काराचा वाटला, तो त्यांनी सोडवून गळ्यात घेतला. मीटिंग सुरू झाली. वीस मिनिटं हार. मग सूचना. एका काकांना स्पीड ब्रेकर हवा होता, पण शेजाऱ्याच्या दारात. शेजाऱ्यांना कॅमेरा हवा होता, तोही काकांच्या दारावर रोखलेला. एक बाई उठल्या, म्हणाल्या गल्लीत बाग हवी. साहेबांनी विचारलं, जागा? तर म्हणे ती तुम्ही बघा! टाळ्या. मग सेक्रेटरींनी भोकाचा विषय काढला. साहेब मांडवाच्या कनातीकडे बघत म्हणाले, "किधर है? मेरेकू तो नजर नै आया." मॅडम म्हणाल्या, असेल तर अर्धं त्यांचं आहे. साहेब म्हणाले, मोठं अर्धं मॅडमचं. लोक हसले. मीही हसले.

मी आभाराला उभी राहिले. फोटोवाला कनातीच्या फटीपाशी कुणावर तरी खेकसत होता. "अरे दादा, हटो ना थोडा! फ्रेम में आ रे तुम." मग पुन्हा. "हटते क्या नै?"

"नाही," असा आवाज आला.

तो आवाज बाबांचा होता.

कागद टाकून मी मांडवाबाहेर धावले. भर उन्हात बाबा रस्त्याच्या मधोमध उभे. भोकाच्या अगदी काठावर. हातातली काठी आडवी धरलेली, रेल्वे फाटकावर धरतात तशी. स्कूटरवाले त्यांना वळसा घालून, हॉर्न वाजवून, वर शिव्या देऊन जात होते. कुणीतरी त्यांच्या खिशात मीटिंगचं पत्रक खोचून गेलं होतं.

"बाबा! इथं काय करताय?"

"खुर्ची नव्हती गं," ते म्हणाले. "म्हटलं, कुणीतरी पाहिजे ना इथं. पोरं सायकली घेऊन येतात."

"किती वेळ उभे आहात?"

"हार घालत होते तेव्हापासून."

म्हणजे तासाच्या वर! आतून माइकवर सेफ्टी सेफ्टी चाललेलं आणि हा माणूस इथं. मी त्यांचा दंड धरला तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. उजव्या पायात चप्पल नव्हती. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, नडगी सोललेली. चप्पल आत गेली होती. पाय बाहेर कसा काढला ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी तिथंच रडायला लागले, कांजीवरम आणि आभार आणि सगळ्यासकट.

लोक जमले. दोन्ही नगरसेवक आले. साहेबांनी वाकून आत पाहिलं, गळ्यात अजून आईच्या लुगड्याचा तुकडा. "अरे!" म्हणाले, "ये तो सच्चीच खुल्ला है जी! कोई बोलना नै क्या?"

सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला.

झाकण त्याच संध्याकाळी आलं. इतक्या लवकर कसं, तर मागच्या गल्लीतलं उचलून आणलं होतं. तिथल्या लोकांनी भोकावर खाट आडवी केल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्या गल्लीत मात्र आनंदीआनंद. बाबांची खुर्ची पुसून घरी आली. मी म्हटलं, सुटले एकदाची. आता बाबा खुशाल जाऊ देत.

सोमवारी सात वाजता ते निघाले. आठ वाजले, साडेआठ वाजले, पत्ता नाही. नऊ वाजता मोठ्या रस्त्यावरचा नारळवाला त्यांना हाताला धरून घेऊन आला. वाहनांच्या मधे उभे होते म्हणे. मला म्हणाले, "गल्ली कुठं नेलीत तुम्ही?"  काठीला खुर्ची लागली नाही, म्हणून वळायचं कुठं ते कळलंच नव्हतं. सरळ चालत राहिले होते.

त्या दिवशी ते अंथरुणावरून उठले नाहीत. मंगळवारीही नाही. पेपर मी आणला, मी वाचला, त्यांनी ऐकला नाही. बुधवारी पहाटे मी खुर्ची उचलली आणि चांगल्या धडधाकट झाकणावर नेऊन ठेवली. "बाबा, खुर्ची ड्यूटीवर गेली," म्हटलं. ते उठले. काठी घेतली. मी फाटकातून पाहत होते. टक्. "हं, आहे." डावीकडे वळले.

आता हे गल्लीला कसं खपणार? झाकणावर खुर्ची कशाला? लोक विचारायला लागले, झाकणही फुटलं का? एका काकांनी खरंच तक्रार टाकली. दोन माणसं आली, खुर्ची हलवली, झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं, आणि रस्त्यात अडथळा असल्याचं लिहून गेली. कमिटीची मीटिंग बसली. विषय एकच. सदर खुर्चीमुळे गल्लीच्या सेफ्टीला धोका आहे. मी काय काय बोलले, तुम्हाला काही लाजबीज आहे का इथपर्यंत बोलले. त्यांच्या माना खाली, पण ठराव पास. आमच्या कमिटीच्या इतिहासात एकमतानं पास झालेला तो पहिला ठराव. मी सोडून एकमतानं. सेक्रेटरींनी स्वतः खुर्ची आमच्या घरी आणून दिली. "टीचर, माफ करना," म्हणाले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

बाबांना मी सांगितलं नाही. खुर्ची आतल्या खोलीत चादरीखाली लपवली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठले, पावणेसातला झाकणावर जाऊन उभी राहिले. सात वाजता फाटक वाजलं. बाबा आले. टक्. नडगीवर असा सणसणीत फटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. मी हूं की चूं केलं नाही.

"हं, आहे," बाबा म्हणाले, आणि डावीकडे वळले.

असं रोज. मी एक जाड सलवार घालायला लागले. गल्लीतले लोक विचारत, टीचर, रोज इथं का उभ्या राहता? मी म्हणायचे, ड्यूटी. स्पीड ब्रेकरवाल्या काकांनी माझ्याविरुद्ध ठराव आणायचा विचार केला होता असं नंतर कळलं. आणला असता तर मी बघितलं असतं त्यांच्याकडे. बाबा वळले की मी भराभर दुसऱ्या बाजूनं घरी येऊन चहा टाकायचे, आणि ते पेपर घेऊन आले की विचारायचे, "काय, खुर्ची होती का?" "होती," म्हणायचे, आणि कपाला हात लावून बसायचे.

डिसेंबरातली गोष्ट. त्या सकाळी बोचरी थंडी होती. मी साध्या ओढणीवर उभी. बाबांची काठी आली आणि माझ्या पायाशी येऊन थांबली. फटका नाही. नुसती टेकली, हल्लू.

"हं, आहे," बाबा म्हणाले. दोन पावलं पुढं गेले आणि मान न वळवता म्हणाले, "थंडी पडलीय. खुर्चीला म्हणावं, उद्यापासून शाल घेऊन उभी राहा."

आणि पेपर आणायला डावीकडे वळले.