न निघालेला धूर

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा गाडीत चढणारा प्रत्येक माणूस मला आधी बिनतिकीट वाटायचा. निवृत्त होऊन हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत येऊन राहिलो, अंगावरची खाकी उतरली, पण नजर काही बदलली नाही. त्यामुळे मागच्या वर्षी एक मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून दारात आली आणि म्हणाली, "काका, आमची संस्था बिनधुराची शेगडी देतेय, एकदम फुकट," तेव्हा मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी कागद मागितला.

बायकोचा खोकला तेव्हा वाईटच होता. चुलीपुढं बसली की धाप लागायची. भाकरी थापता थापता मधेच उठून ती दारात येऊन उभी राहायची. भोरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की धुरापासून लांब राहा, नाहीतर पुढं जड जाईल. घरात गॅस होता. तोही एका सरकारी योजनेतूनच आलेला, फोटोबिटो काढून. पण टाकीची गाडी आमच्या वाडीपर्यंत चढत नाही. रिकामी टाकी घेऊन उतरायचं आणि भरलेली घेऊन चढायचं, हे माझ्या गुडघ्यांच्या बाहेरचं काम. शेवटी टाकीवर कापड टाकून आम्ही तिच्यावर डबे ठेवायला लागलो.

शेगडीचा कागद मी चष्मा लावून शेवटच्या पानापासून वाचायला घेतला, कारण भानगड नेहमी शेवटी असते. तिथं ती होतीच. शेगडी वापरल्यानं जो धूर कमी होईल, त्याच्यावरचा सगळा हक्क संस्थेचा.

"निगालाच न्हाई त्यो धूर घिऊन तुमी करनार काय?" मी विचारलं.

मुलगी न चिडता समजावत बसली. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला सांगितलेलं असतं, धूर कमी करा. तिला स्वतःचा धूर लगेच आटोक्यात आणता येत नाही. मग ती आमच्या घरचा कमी झालेला धूर विकत घेते आणि आपल्या नावावर दाखवते. त्यातून शेगड्या फुकट वाटता येतात.

मला कळलं नाही असं नाही, चांगलं कळलं. गाडीत न बसलेल्या माणसाच्या नावानं तिकीट फाडायचं आणि ते दुसऱ्या गाडीतल्या फुकट्याच्या हातात ठेवायचं. मी असलं काही केलं असतं तर तपासणीवाल्यांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

विंझरला माझा जुना ड्रायव्हर राहतो. त्याला फोन लावला. वेल्ह्याकडं शेगड्या आधीच पोचल्या होत्या. "दोन-तीन म्हैन्याला येत्यात," तो म्हणाला. "वापरतोय का ते बगत्यात. न्हाई वापरली तर परत नेत्यात. कायतरी पानी मुरतंय बग." फोन ठेवला आणि मी बायकोला सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की मी सही करणार नाही.

"काका, सही काकूंचीच लागते," मुलगी म्हणाली.

बायकोनं पदराला हात पुसले आणि सही केली. वाचलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. "या शेगडीला माजा हात लागायचा न्हाई," मी म्हणालो. "नगा लावू," ती म्हणाली.

शेगडी आली, लोखंडी, डब्यासारखी. तिच्या अंगाला काडेपेटीएवढं एक यंत्र तारेनं बांधलेलं होतं. शेगडी किती वेळ तापली हे ते आतल्या आत टिपून ठेवतं म्हणे. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात यांचा तपासनीस कायमचा बसला. मी त्या दिवसापासून स्वयंपाकाच्या वेळी आत जाणं सोडलं. ओटीवर बसायचो, ताट बाहेर यायचं. आतून खोकला ऐकू यायचा आणि मी मनात म्हणायचो, बघा, बिनधुराची म्हणे! फसवणूक आहे सगळी.

असे तीन महिने गेले. ती मुलगी पुन्हा आली. यंत्र मोबाईलला जोडलं आणि तिचा चेहरा उजळला. "काका, तुमच्या घरची शेगडी सगळ्या वाडीत जास्त वापरलीय!" तिनं बायकोला शेगडीशेजारी उभं करून फोटो काढला. फोटो काढतानाही बायको खोकत होती.

मुलगी गेल्यावर मी आत गेलो. इतकी वापरलेली शेगडी, पण तिच्या तोंडाशी काजळी नावाला नव्हती. तळाला चिकटवलेला कंपनीचा कागदसुद्धा जळलेला नव्हता. जुन्या चुलीच्या वैलाजवळ, जिथं कालवण रटरटत ठेवतात, तिथं कौलाचा एक तुकडा होता. त्या तुकड्यावर चौकोनी जागा स्वच्छ राहिली होती, काडेपेटीएवढी. बाकी सगळीकडं राख.

"ते यंत्र सोडून हितं ठेवत व्हतीस?" मी विचारलं.

"व्हय. तुमीच म्हनला व्हता, न्हाई वापरली तर परत नेत्यात."

"मग वापरायची! सही करताना लई घाई व्हती तुला."

ती पाटावर बसली. श्वास जुळवायला तिला वेळ लागला. "तिच्यात बोटाएवढ्या ढलप्या लागत्यात. आक्खं लाकूड जात न्हाई. माजा खांदा वर व्हत न्हाई, कुऱ्हाड कशी मारू? पयल्या दिशी फोडाय गेले व्हते, जमलं न्हाई. रातभर हात ठनकला."

"मला सांगायचं व्हतंस."

"तुमी हात लावनार न्हाई म्हनला व्हता. म्हनलं ऱ्हाऊ दे शेगडी घरात. कवातरी राग जाईल तुमचा."

तीन महिने मी सरकारवर, संस्थेवर, परदेशातल्या कंपनीवर संशय घेत ओटीवर बसलो होतो. आणि आमच्या घरून कमी झाला म्हणून जो धूर तिकडं विकला जात होता, तो सगळा रोज दोन वेळा माझ्या बायकोच्या छातीत जात होता. संस्थेला मी चोर म्हणत होतो. ती चोर असेलही, अजून मला तसंच वाटतं. पण लाकडं फोडायला काही ती येणार नव्हती. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुऱ्हाड घेऊन मागच्या अंगणात बसलो. लाकडं फोडली, ढलप्या केल्या, बोटाएवढ्या. आवाजानं बायको दारात आली. माझ्याकडं, कुऱ्हाडीकडं, ढिगाकडं बघत राहिली. मग खाली वळून जाणाऱ्या वाटेकडं नजर टाकली.

"आज कोन येनार हाय का फोटू काढायला?" तिनं विचारलं.

मला वाटलं चेष्टा करते आहे. वर बघितलं, तर तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती खरंच विचारत होती.