मागच्या सीटवरच्या आजी

चहा घ्या आधी. आणि हे बघा, हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून आमच्या हेडमास्तरांनी अंगावर चहा सांडून घेतला होता. माझा एवढा मोठा पोपट आयुष्यात कधी झाला नाही. पण त्या दिवसांत मी किती घाबरलो होतो म्हणून सांगू! रात्री पाणी प्यायला उठायचं तर बायकोला उठवत होतो. मी! शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस!

झालं असं, की आम्ही गाडी घेतली. आम्ही राहतो अवसरी बुद्रुकला. मंचरला पारसशेठ म्हणून कापडवाले आहेत, त्यांची गाडी विकायची आहे असं कळलं. मी जाऊन बघितली. पांढरीशुभ्र, फारशी न फिरलेली, सीटचा प्लास्टिकचा कागदसुद्धा कुठंकुठं शिल्लक. शेठनी किंमत सांगितली, तर मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघाड झालाय. घासाघीस करायची पण लाज वाटावी इतकी कमी! लगेच होकार दिला, शेठ म्हणाले तसं आठवड्यानं जाऊन गाडी घरी आणली, बायकोनं ओवाळली.

इथंच थांबलो असतो तर आज हा किस्सा नसता. पण पहिल्याच रविवारी मी गाडी घेऊन सासरी गेलो, डिंगोऱ्याला. तिथं माझा मेहुणा, दिलीप. त्याला सगळ्यातलं कळतं. म्हणजे त्याचं तसं म्हणणं आहे.

"केवढ्याला पडली, दाजी?"

मी ऐटीत आकडा सांगितला.

दिलीप हसला नाही. त्यानं गाडीला एक चक्कर मारली. बॉनेटवर टिचकी मारली. पायपुसणी उचलून वास घेतला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, दवाखान्यातून बाहेर येणारा डॉक्टर ठेवतो तसा.

"दाजी, एवढ्यात नुसती चाकं येत्यात. एवढी स्वस्त गाडी कुनी उगंच देतं व्हय?"

"अरे, चांगली माणसं आहेत ती."

"माणसं चांगली असतील. पन गाडीत कायतरी झालंय."

"काय झालंय?"

"ते मी कसं सांगू? झालंय, एवढं नक्की."

बघा, आता तुम्हीच बघा. 'इंजिन खराब आहे' म्हणाला असता तर मी मेकॅनिककडं गेलो असतो. 'कायतरी झालंय' याला कुठला मेकॅनिक? परत येताना ओतूर गेलं, नारायणगाव गेलं, माझं रस्त्यावर लक्षच नाही. घरी आल्या आल्या शेठना फोन लावला. दुकानात गर्दी असावी, मागून मीटरनं कापड फाडल्याचा टर्रर्र आवाज येत होता.

"शेठ, एक विचारू का? गाडी विकली कशासाठी?"

"अहो, ती आईसाठीच घेतलेली. आता आई गेली ना."

"अरेरे. कधी?"

"झाले की आता दिवस. त्याच गाडीतून गेली. मागच्या शिटावर, डाव्या बाजूला. तिची जागाच ती. लई शांतपणे गेली हो, एवढासुद्धा त्रास झाला न्हाई."

"गाडीत?" माझा आवाज बारीक झाला.

"गाडीतच की. आता तिकडं तिच्या वयाच्या सगळ्या जमल्यात, सुखात आहे. मग मी म्हटलं, गाडी ठेवून काय करू?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "चालायचंच, शेठ. गेलेलं माणूस काही परत येत नाही."

तर शेठ काय म्हणाले असतील?

"आमच्या आईचं सांगता येत न्हाई! तिच्या मनात आलं तर येईल पण! गाडीत लई जीव तिचा!" आणि हसले. हसले हो! आणि फोन ठेवला.

मी अंगणात जाऊन गाडीचं मागचं डावं दार लांबूनच बघून आलो.

सोमवारी पहिल्यांदाच गाडीनं शाळेत निघालो. मनाला समजावलं, अरे, तू विज्ञान शिकवतोस, मृत्यू ही नैसर्गिक प्रक्रिया आहे, धडा आहे आपल्याला त्यावर. पुढच्या सीटवर बायको बसली, तिला एसटी स्टँडवर सोडायचं होतं. पुस्तकांची पिशवी मी मागं टाकली. गाडी सुरू केली, गावाबाहेर पडलो आणि...

टिंग. टिंग. टिंग. टिंग.

"काय वाजतंय?" बायको म्हणाली.

मी समोर बघितलं. काचेखाली लाल दिवा लुकलुकत होता. एका बसलेल्या माणसाचं चित्र, पट्टा न लावलेल्या. आणि खाली कुठली सीट तेही दाखवत होतं. मागची. डावीकडची.

माझे हात स्टिअरिंगवर चिकटले. मागं वळून बघायची हिंमत होईना. आरशात बघितलं, तर सीटवर कुणी नाही. पण गाडी म्हणत होती, आहे. बसलंय कुणीतरी!

मी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी मला वेड्यात काढायला लागली, पण टिंगटिंग काही थांबेना. शेवटी तिनंच मागं हात घातला आणि त्या मोकळ्या सीटचा पट्टा ओढून खटकन लावला.

आवाज बंद!

आता याच्यापुढं अजून काय पुरावा पाहिजे? आजींना पट्टा हवा होता. लावला. गप्प बसल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात आजींचं राज्य सुरू झालं. मी आरसा फिरवून छताकडं केला. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी मागचं दार उघडायचो आणि थोडं थांबायचो. म्हातारं माणूस, चढायला वेळ लागतोच ना? मग पट्टा लावायचा, "आजी, निघतो हं" म्हणायचं आणि सुरू. बायकोनं मागं एक मऊ उशी ठेवली.

मग तिच्या लक्षात आलं, "अहो, शेठ जैन आहेत, त्यांच्यात कांदा-लसूण चालत नाही."

झालं! गाडीत वडापाव बंद. भावानं शेतातला कांदा दिला, तर गोणी मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन आणली, आणि घरची गाडी अंगणात उभी! जेवण झाल्यावर लगेच कुठं जायचं असेल तर आम्ही दोघं आधी खळखळून चुळा भरायचो. दिवस मावळला की गाडीला हात नाही. कुत्रं भुंकलं तरी मला वाटायचं गाडीकडं बघूनच भुंकतंय. जेवण जाईना, झोप येईना. वर्गात अंधश्रद्धेवरचा धडा आला, तो मी पोरांना घरी वाचायला सांगितला.

शेवटी दिलीपला फोन करून सगळं सांगितलं. तो अजिबात घाबरला नाही.

"दाजी, रडू नका. आनून सोडा माझ्याकडं. माझी जीप तुमी घ्या, तुमची गाडी मला द्या. आजीला मी सांभाळतो."

त्याची जीप म्हणजे काय सांगू! ढकलल्याशिवाय चालू होत नाही आणि एकदा चालू झाली की थांबायला तयार नाही. पण मला तो देवमाणूस वाटला. डोळ्यात पाणी आलं हो माझ्या.

ठरलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकटाच निघालो. रिकाम्या गाडीत पुस्तकांची पिशवी मागंच पडलेली, तिच्याकडं माझं लक्ष नाही. मंचरला बाजारपेठेत थांबलो. म्हटलं, आजींना निरोप द्यायचा तर नारळ आणि हार तरी घ्यावा. पट्टा सोडला, म्हटलं बसा जरा मोकळ्या. गाडीला लॉक लावलं नाही. आत माणूस बसलेलं असताना लॉक कसं लावणार?

नारळ-हार घेऊन परत आलो, पुढं बसलो, मागं न बघता नेहमीसारखं विचारलं, "आजी, बसलात ना नीट?"

"बसले."

"पट्टा लावला?"

"लावला रे."

"बरं," मी म्हटलं आणि गाडी काढली.

हसू नका! रोज मनातल्या मनात त्यांची उत्तरं मीच देत होतो, मला कसं कळणार? पेठेतून बाहेर पडलो, नारायणगावच्या रस्त्याला लागलो.

"आजी, काही चुकलं असेल तर पोटात घाला. आज तुम्हाला कायमचं पोचवून येतो."

"कुठं?"

"डिंगोऱ्याला."

"तिकडं कोण आहे आपलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं.

हा आवाज माझ्या मनातला नव्हता. हा आवाज माझ्या मानेमागून येत होता. आणि त्याला जर्दाळूचा की कसला तरी गोड वास होता!

मी हळूच मान वळवली. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, पांढरं पातळ नेसलेली, बोळक्या तोंडाची म्हातारी. पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. माझ्याकडं बघून तिनं खिशातनं काढावा तसा कनवटीचा एक सुका जर्दाळू काढला आणि माझ्यापुढं धरला.

"खातो का?"

ब्रेक कसा लागला, दार कसं उघडलं, मला काही आठवत नाही. मी पळत होतो एवढंच आठवतं. समोर ऊस होता. आमच्या भागात बिबट्याच्या धाकानं भरदिवसासुद्धा एकटं माणूस उसात शिरत नाही. मी शिरलो! त्या क्षणी बिबट्या भेटला असता तर मी त्याला मिठी मारली असती. निदान जिवंत तर आहे बिचारा!

मागून हाका येत होत्या, "अरे, मला सोडून कुठं चाललास?" त्या ऐकून माझा वेग अजून वाढला.

पण उसात पळणार किती? पाचटात पाय अडकून मी पालथा झालो. रस्त्याकडेच्या टपरीवरची चार माणसं धावत आली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. तोपर्यंत आजी त्यांना सगळं सांगून बसल्या होत्या.

"मला देरासरात, देवदर्शनाला जायचं व्हतं. आमची जुनी गाडी उभी दिसली, म्हटलं नवा मालक सोडेल, म्हणून बसले. तर ह्यानं मला पळवलंच! म्हणतो कसा, आज कायमचं पोचवतो!"

"म्हातारीला पळवतो काय रं?" एकानं माझी कॉलर धरली.

"ती वारलीय हो!" मी ओरडलो.

"कोन वारलीय?"

"ती! गाडीत बसलीय ती!"

माणसांनी गाडीकडं बघितलं. आजी दुसरा जर्दाळू खात होत्या. माणसांनी परत माझ्याकडं बघितलं. कॉलरवरचा हात जरा सैल झाला, राग जाऊन तिथं कीव आली. तेवढ्यात गर्दीतला एकजण पुढं आला आणि वाकून माझं तोंड न्याहाळायला लागला.

"अवो, ह्ये तर आमच्या पोराचं विज्ञानाचं सर!"

मला उसात परत जावंसं वाटलं.

आजींनी नंबर सांगितला, कुणीतरी फोन लावला, पारसशेठ स्कूटरवर धापा टाकत आले. मी त्यांचे पायच धरले. "शेठ, तुम्हीच म्हणालात ना, आई गेली?"

"गेलीच व्हती. राजस्थानला, मामांकडं. काल परत आली."

"शांतपणे गेली म्हणालात!"

"मग? एवढ्या लांबच्या प्रवासात एकदापण उलटी झाली न्हाई तिला. न्हाईतर अर्ध्या रस्त्यात जीव घेते आमचा. आता तिकडंच राहायचं म्हणाली, म्हणून तर गाडी काढली; सौदा ठरल्यावर तिला सोडून आलो, मग तुम्हाला दिली. महिना झाला न्हाई तर करमेना, आली!"

"आणि ते टिंगटिंग?"

"मागच्या शिटावर काय वजन ठेवता का?"

आजींनी माझी पुस्तकांची पिशवी वर उचलून दाखवली. सगळ्यात वर दहावीच्या विज्ञानाचं पुस्तक होतं. टपरीवाल्यांनी ते नीट बघून घेतलं.

माझं भूत उतरलं, पाय जमिनीला लागले. खिशात दिलीपचा फोन वाजत होता, "दाजी, निघाला का? जीप धुवून ठिवलीय!" त्याला कसंबसं नाही सांगितलं. जीप धुतली असेल, पण आता मी ढकलायला तयार नव्हतो. तो लई हिरमुसला. हिरमुसणारच!

पण मनातला एक काटा राहिलाच होता. म्हटलं, आता सगळी अब्रू गेलीच आहे, तर हेही विचारून घेऊ.

"शेठ, खरं सांगा. गाडीत काही खोट नाही, कुणी मेलेलं नाही, मग एवढी स्वस्त दिली कशी? सौदा बरा झाला ना माझा?"

शेठनी आईकडं बघितलं. आजींनी मला खालून वरपर्यंत निरखलं. केसात उसाचं पाचट, शर्टाची दोन बटणं तुटलेली, एका पायात चप्पल.

"दुसरी गिऱ्हाइकं जास्ती द्यायला तयार व्हती," आजी म्हणाल्या. "पण तू गाडी बघायला आलास तेव्हा मी माडीच्या खिडकीतून तुला बघितलं. मीच पारसला म्हटलं, चार पैसे कमी घे, पण गाडी ह्यालाच दे. माणूस शिकलेला दिसतो, शहाणा दिसतो."

त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि मुलाकडं वळल्या.

"पारस, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेते रे बाबा मी."