झग्याचा सोगा

आमचे पाळकमामा धोतर नेसून उपदेश करायचे. वर काळा कोट, डोक्याला गुलाबी फेटा. प्रार्थनेपुरता फेटा उतरवायचे आणि ‘आमेन’ म्हणता म्हणता परत चढवायचे. ते आईचे थोरले भाऊ, आणि कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. चालताना डाव्या हातात धोतराचा सोगा धरायची सवय इतकी, की झोपेतसुद्धा यांची डावी मूठ मिटलेली असते, असं मामी सांगायच्या.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी साहेब मायदेशी निघाले, तेव्हा आपला काळा झगा आणि पांढरी कॉलर मामांना देऊन गेले. साहेब सहा फुटी, मामा त्यांच्या खांद्याला लागणारे. मामांनी झगा डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवला. कुणी विचारलं तर म्हणायचे, “झकास हाय. कसर लागू ने म्हणून जपतोय.”

मी तेव्हा नुकता मास्तर झालो होतो आणि भर उन्हाळ्यात टाय बांधून हिंडत होतो. म्हणजे अक्कल कितपत होती ते आलंच. “मामा, धर्मगुरूला धर्मगुरूचा पोशाख हवा,” असं मी त्यांना ऐकवलं. मामा रागावले नाहीत. चहा पाजून त्यांनी मला इतिहास शिकवला. पहिले धर्मगुरू चारचौघांसारखेच कपडे घालायचे. पुढं लोकांची तऱ्हा बदलली, हे मात्र जुन्यातच राहिले. आणि जुनं झालं ते पवित्र झालं.

“रोमी लोकांच्या हातात घाम पुसायचा रुमाल असायचा. त्याची हळूहळू मनगटावरची भरजरी पट्टी झाली. आता त्या पट्टीनं कुणी घाम पुसून बघू दे, पाप लागतंय!”

“आणि साहेबांची कॉलर?”

“ती कसली जुनी? आगगाडीच्या वयाची.” मग माझ्या गळ्याकडं बघून म्हणाले, “आन् ह्यो कुणाचा रुमाल रं?”

पुढं माझ्या धाकट्या बहिणीचं, सुलूचं, लग्न ठरलं. स्थळ पुण्याचं. व्याह्यांनी निरोप धाडला, की पाळक झगा-कॉलरमध्ये हवेत, नसतील तर आम्ही आमचे घेऊन येऊ. आईला ते पटेना. सगळ्या भाचरांचे बाप्तिस्मे मामांनी केलेले. आणि सुलूचं लग्न परक्यानं लावायचं? ती मामांकडं धावली. “दादा, लग्न तूच लावायचंस. घाल बाबा एकदा ते काळं.”

“घालतो की. भाचीपुढं धोतराची कसली मिजास?”

लग्नाच्या दिवशी मामा चर्चच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, आतल्या खोलीतून बाहेर आले. नखशिखांत काळे, डोकं उघडं, झगा मागं-पुढं लोळतोय. ज्या आईनं गळ घातली होती, तीच किंचाळली, “अगं बाई! लग्नाला काळं पांघरून, बोडक्या डोक्यानं? कोण गेलंय व्हय आपलं?” आणि रडायलाच लागली. तिला बघून सुलूही रडू लागली.

मामा माझ्याकडं वळले. म्हणाले, “फेटा आण माझा.” आणि सगळ्यांसमोर झग्यावर गुलाबी फेटा बांधला.

व्याही पुढं झाले. “रेव्हरंड, हे कोणत्या रीतीत बसतं?”

“बसतंय की, पावणं. शंभर वर्सं दम धरा, हीच जुनी रीत हुतीया.”

व्याह्यांनी ओठ घट्ट मिटले, पण मिशी हलली. मामांनी झग्याचा पुढचा काठ डाव्या हातात सोग्यासारखा उचलला आणि डोळे पुसणाऱ्या सुलूच्या पुढं चालू लागले. त्यानंतर प्रत्येक लग्नाला ते झग्यावर फेटा बांधूनच उभे राहिले.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मलाही कोल्हापूर सोडून. परवा सुलूच्या हट्टापायी त्याच देवळात तिच्या लेकीचं लग्न झालं. पाळक नवे, तरुण, नगरकडचे. झगा त्यांच्या मापाचा, घोट्याच्याही वर. डोक्याला गुलाबी फेटा. आणि नवरीच्या पुढं चालताना त्यांनी झग्याचा काठ डाव्या हातात उचलून धरला होता.

जेवणं झाल्यावर मला राहवेना. “पाळकसाहेब, झगा जमिनीला लागत नाही. मग धरलात कशाला?”

त्यांनी माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. “आपण बाहेरगावचे दिसता. लग्नात असाच धरतात इथं. फार जुनी रीत आहे.”

शेजारी उभ्या सुलूनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, तिचं तिला ठाऊक. मी खिशात रुमाल शोधला. नव्हता. शेवटी टायनंच डोळे पुसले.