बोलीची भिशी

आमचे वडील वसमतला मास्तर होते. वर्गात ते बचतीचं महत्त्व असं काही पटवून देत की पोरं चार दिवस गोळ्या-बिस्किटं खाणं सोडून देत. घरी मात्र हातात पैसा आला की त्यांना दम निघत नसे.

गल्लीतले एक कापडवाले चाचा बोलीची भिशी चालवत. दर महिन्याला सगळ्यांनी सारखा हप्ता भरायचा. ज्याला घाई, त्यानं बोली लावायची. जो जास्तीत जास्त रक्कम सोडायला तयार, त्याला त्या महिन्याची भिशी. सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जात. शेवटपर्यंत थांबेल त्याला अख्खी रक्कम. थोडक्यात, उतावळ्यांनी शहाण्यांना दिलेली देणगी, आणि आमचे वडील मोठे दानशूर.

त्या वर्षी आईनंही शिलाईच्या पैशांतून स्वतःचा वेगळा हप्ता सुरू केला. ताईला डी.एड.ला घालायचं होतं. शेवटची भिशी घेतली तर फी बरोबर बसत होती. वडिलांनी पहिल्याच महिन्यात बोली मारून रंगीत टीव्ही आणला. लोडशेडिंगमुळे तो बहुतेक वेळ काळाच दिसे, तरी वडील समोर बसून राहत.

मध्येच आईची मशीन बिघडली. ती हातानं काज-बटणं करत राहिली, पण बोली लावली नाही. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

शेवटच्या महिन्यात ती आम्हाला सगळ्यांना घेऊन चाचांकडे गेली. चाचांनी तिच्या हातात पुडकं ठेवलं. ते फारच पातळ होतं.

"भाभी, टीव्ही नेला तवापासून मास्तरांनी हप्ते भरलेच न्हाईत. मी पदरचे भरून राहिलो. एकाच घरचं हाय, म्हणून आता हिसाब बराबर केला."

वडील छताकडे बघत होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. मला त्यांचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. ताईच्या फीची मुदत आठवड्यावर आली होती.

त्याच बैठकीत नवी भिशी सुरू झाली. आईनं नाव घातलं आणि लगेच बोली लावली. सोडायची रक्कम एवढी मोठी सांगितली की चाचांनी तिला दोनदा विचारलं.

वडील तिच्याकडे वाकून म्हणाले, "अगं, जरा दम धर की. इतकी घाई काहून?"