इंदूची नजर

हे मी कुणाला सांगितलं नाही. पोरीला नाही, सख्ख्या भावाला नाही. आज तुम्हाला सांगून राहिलो, कारण... जाऊ द्या, कारणबिरण काही नाही.

फुलचूरला घरामागे टिनाच्या शेडमध्ये माझी लोखंड कापून घडवायची जुनी मिलिंग मशीन होती. राइस मिलवाले मोडक्या भागांची कामं आणायचे. मशीन एकदाच घेतली, पण रोज जीव खायचा तो कटर. कटरच्या तोंडाला नखाएवढे चौकोनी इन्सर्ट बसतात, लोखंड तेच कापतात. एक कोपरा बोथट झाला की फिरवून दुसरा लावायचा. नवे घेणं आपल्याच्यानं होत नव्हतं. म्हणून कारखान्यांनी टाकलेले मी नागपूरच्या भंगारातून किलोवर आणायचो. त्यातल्या काहींचा एखादा कोपरा शाबूत राहायचा. पण तो शोधणार कोण?

इंदू, माझी बायको. तांदूळ निवडावे तसे ती इन्सर्ट सुपात पसरायची. एकेक उजेडाला धरायची, नखानं धार चाचपायची, मेलेल्या कोपऱ्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची. चांगले डब्यात जायचे, आणि मी न पाहता त्या डब्यात हात घालायचो. तिचा तोरा काय सांगू! कुणी आलं की म्हणायची, "मशीन ह्यांची, पन चालते माह्या नजरेनं."

मला ते आवडायचं का? खरं सांगू? नाही.

एकदा बाजारात एकाकडे नवेकोरे इन्सर्ट मिळाले, भंगारापेक्षा थोडेच महाग. चकचकीत होते. नमुन्याचा एक घरी आणला. इंदूनं त्याच्यावर नख फिरवलं. "कायले घेता जी? चमकच हाय नुसती. धार भुसभुशीत हाय." माझं डोकंच फिरलं. आयटीआय मी केलं की हिनं? तिच्यासमोर बरं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गुपचूप मूठभर घेतले.

मग एका मिलवाल्या सेठचं काम आलं. गिअरबॉक्सची जुनी बॉडी, दुसरी कुठं मिळणार नाही अशी. धानाचा हंगाम, मिल बंद पडलेली, सेठ स्वतः शेजारी उभे. मी कटरला ते नवे बसवले. तिला दाखवायचं होतं ना! दुसऱ्याच फेरीत इन्सर्ट फुटले, कटर आत घुसला, बॉडीला हा एवढा चर पडला. सेठ ओरडले, "ये क्या कर दिया मिस्त्री?"

इंदू चहा घेऊन दारातच होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, इन्सर्ट ही निवडते, हिच्या भरवशावर राहिलो ते चुकलं.

आणि तिनं तुकडे पाहायच्या आत मी ते झाडून टाकले.

ती भांडली असती तर? पण नाही. उभ्या उभ्या सेठला म्हणाली, "असन जी. माहीच नजर चुकली असन." मला वाचवायला म्हणाली असेल असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. तसं नव्हतं. तिला ते खरंच वाटलं होतं.

त्यानंतर तिनं इन्सर्टला हात लावला नाही. शेडमध्ये येणंच सोडलं. मग तांदूळ निवडून झाला की सूप शेजारणीकडे न्यायला लागली, "पाह्य ना बाई, खडा तं नाही रायला?" चांगल्या तांदळात शेजारणीला काय सापडणार? विहारात पौर्णिमेला आम्ही शेजारी बसून पंचशील म्हणायचो. खोटं न बोलण्याचं शील आलं की मी नुसते ओठ हलवायचो. तिचा आवाज मात्र खणखणीत.

एकदा जेवताना माझ्या दाताखाली खडा आला. कुणाच्या घरी येत नाही? पण तिनं ताट सरकवलं आणि पदर डोळ्याला लावला. "म्या म्हनलं होतं ना, माही नजरच गेली."

सगळं ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "पाणी दे."

पुढं ती तापानं गेली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी माझ्या सदऱ्याकडे पाहून म्हणाली, बाहीची शिवण उसवली जी. मी पाहिलं. एकच टाका सुटला होता, मला तो दिसलासुद्धा नव्हता.

तिची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. मला माहीत होतं, आणि तेव्हाही मी तिला सांगितलं नाही.